जबड्याचा सांधा आणि दातांची ‘प्लेट’

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपल्या घराघरांत सांगितली जाते. परंतु दातही शाबूत, चणेही समोर आणि तरीही तोंडच उघडत नाही, अशी तिसरी अवस्था म्हण रचणाऱ्याच्या ध्यानी आली नसावी. ती आमच्या घरात आली, तब्बल पंधरा वर्षे मुक्काम ठोकून राहिली, आणि तिच्यावरचा उपाय हाच पुढे एक स्वतंत्र प्रश्न होऊन बसला. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. मुरगाव बंदरात हिशेबनिशी करून निवृत्त झालेला साधा गृहस्थ आहे. तथापि घरच्या दुखण्यापायी जे वाचावे लागले, जाणत्यांना विचारावे लागले आणि जे डोळ्यांनी पाहिले, ते वाचकांच्या कानी घालावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

आमच्या वहिनी वास्कोतील एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. गोव्यातील पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याही घरात बोलणे कोंकणी आणि वाचन, पूजाअर्चा व भजन मराठी. वहिनींचा आवाज खणखणीत. वर्गात चाळीस मुलांना पाढे म्हणून दाखवायचे आणि संध्याकाळी वाड्यावरच्या महिला भजनी मंडळात पहिली ओळ उचलायची, हा त्यांचा नित्यक्रम. २००८ सालच्या श्रावणात त्यांचा उजवा कान दुखू लागला. जांभई देताना कानाजवळ ‘कट्’ असा आवाज होई. पुढे एके सकाळी उठल्या त्या तोंड जेमतेम दीड बोट उघडेल अशा स्थितीत. घरात एकच घबराट उडाली. दातखीळ म्हटली की आपल्या मनात पहिला विचार धनुर्वाताचा येतो.

धनुर्वात नव्हता. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासून तो निर्दोष असल्याचे सांगितले. अक्कलदाढेवर संशय आला, पण ती कधीच काढून झाली होती. अखेर एका दंतवैद्यांनी निदान केले, की दुखणे कानाचे नाही, दातांचेही नाही. ते कानाच्या पुढे असलेल्या जबड्याच्या सांध्याचे आहे. त्यांनी दातांचे माप घेतले आणि खालच्या दाढांवर बसणारी कडक ॲक्रिलिकची एक पट्टी करून दिली. तिला कोणी ‘स्प्लिंट’ म्हणतात, कोणी ‘नाइट गार्ड’. आमच्या घरात तिचे नाव ‘प्लेट’ असेच रूढ झाले. “जेवतानासुद्धा काढू नका,” असे त्यांनी बजावले. तीन आठवड्यांत दुखणे ओसरले, तोंड उघडू लागले. वहिनींनी त्या दंतवैद्यांना देवाच्या ठिकाणी मानले. पुन्हा केव्हा दाखवायला यायचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. ती प्लेट पुढे तेरा वर्षे वहिनींच्या तोंडात राहिली.

सांध्याची घडण

या सांध्याची रचना थोडक्यात समजून घेतल्याखेरीज पुढचे सांगणे उमगणार नाही. जबड्याला संस्कृतात ‘हनू’ म्हणतात. इंद्राच्या वज्राने हनू भंगली म्हणून मारुतीचे नाव हनुमान पडले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही ‘हनुग्रह’ आणि ‘हनुमोक्ष’ असे शब्द आहेत. म्हणजे हे दुखणे आजकालचे नव्हे.

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडावे व मिटावे. बोटाखाली जी हालचाल जाणवते तोच हा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचे टोक कवटीच्या शंखास्थीतील खोबणीत बसते आणि दोहोंच्या मध्ये गादीसारखी एक मऊ चकती असते. गुडघा किंवा कोपर बिजागरीसारखे चालतात. हा सांधा मात्र आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग खोबणीतून पुढे घसरतो. शिवाय दोन्ही बाजूंचे सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्याने एकाला टाकून दुसरा हलू शकत नाही. एकाच जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारखी त्यांची गत असते.

दुखणे तीन ठिकाणी उद्भवू शकते. पहिले, चर्वणाच्या स्नायूंत. रात्री झोपेत दात खाण्याची किंवा दिवसा कामाच्या तंद्रीत दातावर दात दाबून धरण्याची सवय असेल तर हे स्नायू थकतात आणि गालफडे, कानशिले दुखू लागतात. दुसरे, मधल्या चकतीत; ती जागेवरून पुढे सरकली की तोंड उघडताना ‘कट्’ आवाज येतो, आणि ती अडकून बसली तर तोंडच उघडत नाही. तिसरे, प्रत्यक्ष हाडांच्या पृष्ठभागांत; तेथे संधिवाताची झीज होते. निरोगी मोठ्या माणसाचे तोंड साधारणपणे चाळीस ते पन्नास मिलिमीटर उघडते. स्वतःची तीन बोटे उभी आत गेली तर काळजीचे कारण नाही, असा घरगुती अंदाज सांगतात. नुसता आवाज येतो पण दुखत नाही आणि अडकत नाही, अशी माणसे पुष्कळ आहेत. त्यांना कोणत्याही उपचाराची गरज नसते, हे येथेच सांगून ठेवतो.

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात सहसा येत नाही. तोंड मिटलेले असताना वरचे व खालचे दात एकमेकांवर टेकलेले असायचे नसतात. ओठ मिटलेले, जीभ टाळूला आणि दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट, ही जबड्याची विश्रांतीची अवस्था. दात टेकायचे ते घास चावताना आणि आवंढा गिळताना. हे वाचता वाचता वाचकांपैकी कितीजणांनी आपले दात सोडवून घेतले, हे ज्याचे त्याने पाहावे.

मतांची उलथापालथ

दातांवर पट्टी बसवण्याची कल्पना जुनी आहे. व्हिएन्नाचे दंतवैद्य कारोली यांनी १९०१ साली दात खाणाऱ्या रोग्यांसाठी अशी पट्टी वापरल्याची नोंद आहे. १९३४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी असे मत मांडले, की दाढा पडल्याने जबडा अधिक मिटतो, सांध्याचे टोक मागे दाबले जाते आणि त्यातून कानदुखी, कानात आवाज व चक्कर उद्भवते. त्यांची शरीररचनेची उपपत्ती पुढे टिकली नाही. पण त्यांच्यामुळे एक समजूत दृढ झाली, की या दुखण्याचे मूळ दात एकमेकांवर कसे बसतात यात आहे. मग दात घासून सारखे करणे, टोप्या बसवून चावा उंच करणे, पट्टीने जबडा पुढे आणून तेथेच राखणे, असे उपाय सुरू झाले.

या समजुतीला शिकागोच्या डॅनियल लास्किन आणि चार्ल्स ग्रीन या दोघांनी प्रश्न विचारला. त्यांचे म्हणणे असे, की बहुसंख्य रोग्यांत मूळ दुखणे स्नायूंचे असते आणि मनावरचा ताण हे त्याचे मोठे कारण असते. १९७६ साली ग्रीन, लास्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मासलेवाईक प्रयोग प्रसिद्ध केला. २५ रोग्यांचे दात घासून सारखे केल्याचा केवळ देखावा करण्यात आला; प्रत्यक्षात चाव्यात काहीही बदल केला नाही. तरीही त्यांपैकी १६ जणांनी, म्हणजे ६४ टक्क्यांनी, दुखणे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेल्याचे सांगितले. याचा अर्थ ते लोक खोटे बोलत होते असा नव्हे. या दुखण्याचा स्वभावच असा, की ते भरती-ओहोटीसारखे चढते आणि उतरते; आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, या धीरानेही ते उतरते. उतारावर असताना जो उपाय हाती लागतो, त्याला सारे श्रेय मिळते.

उलट दिशेने अतिरेक झाला तो शस्त्रक्रियेचा. १९८० च्या दशकात अमेरिकेत सांध्यातील चकती काढून तेथे टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकती बसवण्याची लाट आली. त्या चकत्या झिजल्या, त्यांच्या कणांनी आजूबाजूचे हाड खाल्ले आणि अनेकांचे दुखणे आधीच्या कितीतरी पट वाढले. १९९० च्या सुमारास तेथील सरकारी औषध-नियंत्रण खात्याला त्याविरुद्ध पाऊल उचलावे लागले. त्यानंतर जगभरच्या तज्ज्ञांचा कल सौम्य आणि मागे फिरता येईल अशा उपचारांकडे वळला.

मग प्लेटचे काय? ब्रिटनमध्ये २०२० साली उपलब्ध चाचण्यांचा एक विस्तृत आढावा प्रसिद्ध झाला. प्लेटमुळे दुखणे कमी होते असे ठामपणे म्हणावे इतका भरवशाचा पुरावा त्यात आढळला नाही. २०२३ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाची मार्गदर्शक तत्त्वे आली. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यासाठी त्यांनी जबड्याचे व्यायाम व ताण, प्रशिक्षित हातांनी केलेले सांध्याचे व स्नायूंचे उपचार, मानेची ठेवण सुधारणे, रोग्याला नीट समजावून धीर देणे आणि दुखण्याकडे पाहण्याची मनाची सवय बदलणारे उपचार यांची जोरदार शिफारस केली. काढता-घालता येणाऱ्या साध्या प्लेटबाबत त्यांचा कौल सौम्य शब्दांत प्रतिकूल आहे. पण चाव्यात कायमचा बदल घडवणाऱ्या प्लेटबाबत तो स्पष्ट आणि कडक नकाराचा आहे. दुसरीकडे, दात खाण्याने झिजणारे दात वाचवण्यासाठी रात्रीच्या प्लेटचा उपयोग अनेक अनुभवी दंतवैद्य आजही मानतात. दाराला पायपुसणे घातले म्हणून पावसाळा थांबत नाही, पण घर चिखलापासून वाचते. तशातला हा प्रकार.

दीर्घकाळ वापराचे धोके

येथे मुख्य मुद्दा येतो. प्लेट म्हणजे एकच वस्तू नव्हे. सर्व दात झाकणारी, कडक, गुळगुळीत आणि केवळ रात्री वापरायची प्लेट, हा तिचा सर्वांत निर्धोक प्रकार. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात रॅमफर्ड व ॲश यांनी तो रूढ केला. केवळ पुढच्या दातांवर किंवा केवळ दाढांवर बसणारी प्लेट हा दुसरा प्रकार, आणि जबडा मुद्दाम पुढे आणून धरणारी हा तिसरा. हे दोन्ही प्रकार अल्पकाळासाठी, जाणत्याच्या देखरेखीखाली वापरायचे असतात.

याचे कारण दातांच्या स्वभावात आहे. दात भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा स्थिर नसतो. त्याच्यावर दाब पडत राहिला तर तो हळूहळू खाली बसतो. समोर टेकायला कोणीच नसेल तर तो हळूहळू वर येतो. दाढांवरच प्लेट असेल तर दाढा दाबल्या जातात आणि पुढचे दात मोकळे राहून वाढतात. वर्षानुवर्षे असे घडले, की प्लेट काढल्यावर पुढचे दात टेकतात आणि दाढांमध्ये फट राहते. पुढच्या दातांवरच प्लेट असेल तर नेमके उलट. हा बदल इतक्या सावकाश घडतो, की प्लेट सतत तोंडात असणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही.

बाकीचे धोके लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगे नव्हेत. प्लेटखाली अन्नाचे कण साचून दात किडतात, हिरड्या सुजतात. ॲक्रिलिक झिजते, त्याला चिरा जातात. ज्यांना घोरण्याचा व झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे, त्यांच्यापैकी काहींचा त्रास वरच्या प्लेटने वाढू शकतो. म्हणून ही गोष्ट दंतवैद्यांना आधी सांगावी. आणि शेवटचा धोका मनाचा: प्लेटशिवाय आपले कसे होणार, ही धास्ती.

प्लेट मोडली त्या दिवशी

२०२१ सालची चवथ. घरात नेवऱ्या तळण्याचे काम चालले होते. वहिनींनी तोंड धुताना प्लेट काढली, ती हातातून निसटली आणि न्हाणीघराच्या फरशीवर पडून तिचे दोन तुकडे झाले. तेरा वर्षांत त्या प्रथमच प्लेटवाचून जेवायला बसल्या. नेवरीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटला, पण चावला जाईना. दाढा दाढांना लागतच नव्हत्या. त्यांनी पुन्हा पुन्हा तोंड मिटून पाहिले. मग पान बाजूला सारून त्या उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन आरशासमोर उभ्या राहिल्या. सणाचा दिवस, घरात कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या एका दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी सांगितले, की आता खालच्या-वरच्या सर्व दाढांवर टोप्या बसवून फट भरून काढावी लागेल. त्यासाठी दाढा घासाव्या लागतील आणि काहींचे रूट कॅनॉलही करावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून दादांनी बँकेतील मुदतठेव मोडण्याचा विचार चालवला. दुखणे नसलेल्या, कीड नसलेल्या दाढा घासायच्या, ही गोष्ट मला खटकली. हिशेबनिसाला सवय असते: जी नोंद खोडून पुन्हा लिहिता येत नाही, तिच्यावर सही करण्यापूर्वी एकदा थांबायचे. मी दादांना म्हटले, “आणखी एका ठिकाणी विचारू या. आठ दिवसांनी काही बिघडत नाही.”

ओळखीतून एका ज्येष्ठ दंतवैद्य बाईंचे नाव कळले. त्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम केले होते. त्यांनी प्रथम अर्धा तास केवळ ऐकून घेतले. मग वहिनींच्या दातांचे साचे घेतले, छायाचित्रे काढली, निळ्या कागदाची पट्टी दातांत धरून कोठे टेकते आणि कोठे नाही याचे टिपण केले. बोटांनी दोन्ही सांधे चाचपले. तोंड बेचाळीस मिलिमीटर उघडत होते, दुखत कोठेच नव्हते.

“बाई, तुमचे मूळचे दुखणे बहुधा केव्हाच बरे झालेले आहे,” त्या म्हणाल्या. “आता जे आहे ते प्लेटने केलेले आहे. तेरा वर्षांत दात सरकले. त्यांना परत यायला थोडा अवधी तरी द्यायला हवा. टोप्या काय, वर्षाने बसवता येतील. घासलेली दाढ मात्र परत मिळत नाही.”

वहिनींचे डोळे भरून आले. घरी परतताना त्या मला म्हणाल्या, “भावोजी, तुम्हांला हे सोपे वाटते. पण ती प्लेट म्हणजे माझी काठी आहे. काठी काढून घेतली आणि मी पुन्हा पडले तर?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. २००८ सालच्या त्या महिन्यांत त्यांनी पेजेवर दिवस काढले होते, वर्गात फळ्यावर लिहून शिकवले होते, आणि भजनाला जाऊन मागे बसून नुसत्या टाळ वाजवल्या होत्या. ते ज्याने भोगले, त्याच्याच भीतीला खरा अर्थ असतो. पुढच्या खेपेस मी तो प्रश्न बाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, “काठी एकदम काढायची नाही. आधी छोटी करायची.”

तसेच केले. सर्व दात झाकणारी नवी प्लेट बनवली, ती केवळ रात्रीसाठी. दिवसभर तोंड मोकळे. दोन महिन्यांनी ती एक दिवसाआड, पुढे आठवड्यातून दोनदा. सोबत जबड्याचे व्यायाम, गरम फडक्याचा शेक आणि दिवसातून दहा वेळा स्वतःला विचारायचे, ‘दात सुटे आहेत ना?’ पहिले तीन महिने जेवण म्हणजे शिक्षाच होती: मऊ भात, कालवलेली आमटी, दुधात भिजवलेली पोय. एकदा गालफड दुखू लागले तेव्हा वहिनींनी सारे सोडून द्यायचे ठरवले होते. परंतु आठ दिवसांत ते आपोआप शमले, आणि प्लेटवाचूनही दुखणे शमते हा अनुभव त्यांना कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडला.

सातव्या महिन्यात उजवीकडच्या दाढांत निळा कागद अडकला. डावीकडची एक दाढ पुढे पुष्कळ दिवस मागे राहिली आणि शेवटची दाढ आजही पुरती टेकत नाही. बाईंनी स्पष्टच सांगितले, की सर्वांचे दात असे परत येत नाहीत. काहींना पुढे तारा किंवा टोप्या लागतातच. तथापि वहिनींच्या बाबतीत एकही दाढ घासावी लागली नाही. मुदतठेव शाबूत राहिली ती निराळीच.

वाचकांनी काय ध्यानात ठेवावे

आमच्या घरच्या अनुभवातून आणि जाणत्यांच्या सांगण्यातून काही गोष्टी निवडून देतो.

जबडा दुखतो म्हणजे सांध्याचेच दुखणे, असे धरून चालू नये. चालताना किंवा जिना चढताना जबड्यात कळ येते आणि थांबल्यावर जाते, तर ते हृदयाचे लक्षण असू शकते. पन्नाशीपुढच्या माणसाचा जबडा चावताना दुखतो, कानशील ठणकते आणि दिसणे अंधूक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तो रक्तवाहिन्यांचा विकार असून दृष्टीवर बेततो. जखमेनंतर दातखीळ बसली तर क्षणाचाही विलंब करू नये. आणि सुपारी, गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले, तिखट झोंबू लागले, तर दोष सांध्याचा नसून गालांच्या आतील त्वचेचा असतो. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. त्याची परिणती पुढे कर्करोगात होऊ शकते. त्यावर प्लेट हा उपाय नव्हे.

सांध्याचेच दुखणे ठरले, तर पहिले काही आठवडे साधे उपाय करावेत. मऊ अन्न, लहान घास, शेक, जांभई देताना हनुवटीखाली मुठीचा आधार. आणि चघळगोळ्या, नखे कुरतडणे, मान वाकडी करून खांद्यावर फोन धरणे हे वर्ज्य. बहुतेकांना एवढ्यानेच आराम पडतो.

प्लेट सुचवली गेली तर चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. ती सर्व दात झाकते काय? ती केवळ रात्रीसाठी आहे काय? ती किती महिने वापरायची? आणि तपासणीला पुन्हा केव्हा यायचे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज खुर्चीवरून उठू नये. आम्ही तो विचारला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

प्लेट वापरत असल्यास ती मऊ ब्रशाने थंड पाण्यात धुवावी; उकळते पाणी ओतल्यास तिचा आकार बिघडतो. तपासणीस जाताना ती बरोबर न्यावी. सकाळी प्लेट काढल्यावर दात वेगळे टेकतात असे वाटले आणि तासाभरात ते पूर्ववत झाले नाही, तर वाट न पाहता दाखवावे. जे वर्षानुवर्षे प्लेट वापरत आहेत त्यांनी हा लेख वाचून ती एकदम फेकून देऊ नये. ज्यांनी दिली त्यांच्याकडे किंवा दुसऱ्या जाणत्याकडे जाऊन आधी दात तपासून घ्यावेत. आणि दाढा घासण्याचा, टोप्यांचा किंवा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर दुसरे मत घेण्यात कोणाचाही अवमान नसतो.

मोठ्या खर्चाची भीती वाटणाऱ्यांनी सरकारी दंत महाविद्यालये विसरू नयेत. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. गोव्यातील दंत महाविद्यालय १९८० साली सुरू झाले; ते बांबोळीला आहे. १९८३ साली जुवारीवर पूल होण्यापूर्वी आम्हां मुरगावकरांना पलीकडे जायचे तर कुठ्ठाळीहून फेरी गाठावी लागे. आता पूल आहेत, बसगाड्या आहेत. उरतो तो आळस आणि संकोच. वाचक ज्या गावी असतील तेथेही असे एखादे महाविद्यालय जवळपास असेल.

असो. दरवर्षी श्रावणात वास्कोत श्रीदामोदराचा भजनी सप्ताह होतो. अहोरात्र भजन चालते आणि रस्त्यांवर दुतर्फा फेरी भरते. गेल्या श्रावणात वहिनी आमच्याबरोबर आल्या होत्या. परतताना त्यांनी दुकानात थांबून खाजे घेतले. आले घातलेले ते गुळाचे खाजे किती चिवट आणि कडक असते, हे गोवेकरांना सांगायला नको. मी म्हटले, “वहिनी, जपून.” त्यांनी एक लहानसा तुकडा मोडला, उजव्या दाढेखाली ठेवला आणि सावकाश चावला. उरलेला पुडा माझ्या हाती देऊन म्हणाल्या, “एवढे पुरे. बाकीचे तुम्ही खा.”

घरी आल्यावर त्यांनी कपाटातील डबी उघडून पाहिली. नवी प्लेट तीत आहे. ताणाच्या दिवसांत, परीक्षेच्या पेपरांसारखे काही स्वप्नात आले की अजूनही एखाद्या रात्री त्या ती वापरतात. त्या रात्री मात्र डबी पुन्हा मिटून त्यांनी कपाटात ठेवली.